संगणक कोणाचा, खोली कोणाची? विद्यापीठीय ई-परीक्षेच्या तीन पद्धतींची तुलना

कागदावरची परीक्षा संगणकावर न्यायचे ठरले की विद्यापीठातली पहिली बैठक बहुधा ‘सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे’ या प्रश्नाभोवती फिरते. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु तो पहिला नव्हे. मूडल या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीतील प्रश्नमंजूषा असो किंवा विकत घेतलेली एखादी परीक्षा-प्रणाली असो, प्रश्न दाखवणे, उत्तरे साठवणे आणि गुण मोजणे ही कामे त्या सगळ्याच कमीअधिक सफाईने करतात. परीक्षा विभागाची खरी दमछाक होते ती वेगळ्याच दोन बाबींपायी: विद्यार्थी ज्या संगणकासमोर बसणार तो कोणाचा, आणि तो ज्या खोलीत बसणार ती कोणाची. या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून तीन पद्धती निघतात. पहिलीत संगणक आणि खोली दोन्ही विद्यापीठाची असतात. दुसरीत खोली विद्यापीठाची पण लॅपटॉप विद्यार्थ्याचा असतो. आणि तिसरीत दोन्ही विद्यार्थ्याची, म्हणजे परीक्षा घरून दिली जाते. तिन्हींची तुलना करताना येथे एक निकष जाणीवपूर्वक वर ठेवला आहे, तो म्हणजे परीक्षा ऐन मध्यावर बिघडली तर ती सावरायला जागेवर कोण असते आणि त्याच्या हातात काय असते.

विद्यापीठाचा संगणक कक्ष

या पद्धतीचा गुण तिच्या एकसारखेपणात आहे. सर्व संगणकांवर एकच प्रणाली बसवलेली, सर्वांचे पडदे आणि कळफलक सारखे, जोडणी तारेची, आणि कोणता कार्यक्रम चालू द्यायचा आणि कोणता नाही हे पूर्णपणे विद्यापीठाच्या हाती. एखादा संगणक मध्येच बंद पडला तर विद्यार्थ्याला शेजारच्या राखीव संगणकावर बसवता येते, कारण उत्तरे त्या यंत्रात अडकलेली नसून सर्व्हरवर पोहोचलेली असतात. मूडलसारख्या प्रणालीत प्रश्नमंजूषेची उत्तरे ठरावीक अंतराने आपोआप साठतात. हे अंतर एका मिनिटाचे ठेवले तर बिघाडात जास्तीत जास्त शेवटच्या मिनिटाचे लेखन जाते. सावरण्याची इतकी सोय उरलेल्या दोन पद्धतींत नाही.

या पद्धतीची अडचण जागेची आहे, आणि ती वरवरच्या गणितात लपून राहते. समजा विद्यार्थी ६०० आहेत, कक्षात १२० संगणक आहेत आणि पेपर ९० मिनिटांचा आहे. पाच पाळ्यांत काम भागेल असे वाटते. परंतु दहा संगणक राखीव ठेवले की एका पाळीत ११० जणच बसतात आणि पाळ्या सहा होतात. दोन पाळ्यांमध्ये बाहेर पडणे, ओळख तपासणे, लॉगिन करणे यांसाठी अर्धा तास धरला तर एकूण साडेअकरा तास लागतात, म्हणजे एका दिवसाची परीक्षा दोन दिवसांची होते. त्यातच अपंगत्वामुळे एखाद्या विद्यार्थ्याला २५ टक्के वाढीव वेळ मंजूर असेल तर त्याचा पेपर जवळपास ११३ मिनिटे चालतो आणि मधल्या अर्ध्या तासातली तेवीस मिनिटे त्यातच जातात. अशा विद्यार्थ्यांना सरसकट शेवटच्या पाळीत टाकण्यापेक्षा त्यांच्यासाठी छोटा स्वतंत्र कक्ष ठेवणे अधिक चांगले. त्यामुळे वेळापत्रक तर सुटसुटीत राहतेच, शिवाय स्क्रीन-रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्याला आणि लेखनिकासह बसणाऱ्याला शांतताही मिळते.

पाळ्या आल्या की प्रश्न फुटण्याची भीती येते. तिच्यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की पुढच्या पाळीचे विद्यार्थी आधीची पाळी सुटण्यापूर्वीच प्रतीक्षा कक्षात जमवायचे, त्यांचे फोन जमा करून घ्यायचे आणि दोन्ही गटांना वेगवेगळ्या दारांनी आत-बाहेर न्यायचे. हा उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहे; मात्र पाळ्यांच्या मध्ये रात्र आली की तो निरुपयोगी ठरतो. दुसरा उपाय मोठ्या प्रश्नपेढीचा. प्रत्येक घटकावर समान काठिण्याचे अनेक प्रश्न तयार असतील तर प्रत्येक पाळीला वेगळा पेपर देता येतो. ‘समान काठिण्य’ हे शब्द बैठकीत सहज उच्चारले जातात. प्रत्यक्षात ते ठरवायला आधीच्या परीक्षांतील उत्तरांची आकडेवारी लागते. किती टक्के विद्यार्थ्यांनी प्रश्न बरोबर सोडवला आणि एकूण परीक्षेत वरचे गुण मिळवणाऱ्यांनी तो इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सोडवला का, या दोन्ही बाबी पाहाव्या लागतात. नवीन विद्यापीठाकडे पहिल्या वर्षी अशी आकडेवारी नसते, त्यामुळे पहिल्या वर्षी तरी सर्व पाळ्या एकाच दिवसात बसवण्याचा आग्रह धरावा.

विद्यार्थ्याचा लॅपटॉप, विद्यापीठाचे सभागृह

येथे पाळ्यांचा प्रश्न मिटतो, कारण जितक्या खुर्च्या तितके संगणक. विद्यार्थ्याला आपल्या कळफलकाची सवय असते आणि दीर्घोत्तरी लेखनात हा फायदा चांगलाच जाणवतो. या पद्धतीचा सर्वांत ठळक दाखला विद्यापीठाचा नसून शालान्त परीक्षेचा आहे. फिनलंडने आपली राष्ट्रीय शालान्त परीक्षा २०१६ च्या शरद सत्रापासून टप्प्याटप्प्याने संगणकावर नेली आणि २०१९ च्या वसंत सत्रात गणितासह हे स्थित्यंतर पूर्ण केले. त्यासाठी विद्यार्थ्यांचे लॅपटॉप यूएसबीवरील लिनक्स या संगणक-प्रणालीने सुरू केले जात आणि ते शाळेतल्याच सर्व्हरला जोडले जात, म्हणजे लॅपटॉप विद्यार्थ्याचा असला तरी त्यावर त्या वेळापुरती चालणारी प्रणाली परीक्षा मंडळाची असे. दर वेळी काही विषय घेत सुमारे अडीच वर्षे काढण्याचा हा संथपणा अनुकरण करण्याजोगा आहे.

विद्यापीठांत अधिक रूढ मार्ग लॉकडाउन ब्राउझरचा, म्हणजे परीक्षेखेरीज दुसरे काही उघडू न देणाऱ्या ब्राउझरचा आहे. झ्युरिकच्या ईटीएच या संस्थेत विकसित झालेला ‘सेफ एक्झाम ब्राउझर’ हा त्यातला मुक्त-स्रोत पर्याय असून २०२० मधील मूडल ३.९ पासून त्याची जोडणी मूडलमध्येच मिळते. तो विंडोज, मॅकओएस आणि आयओएस यांवर चालतो. लिनक्स किंवा क्रोमबुक वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दुसरी सोय करावी लागते. असा ब्राउझर इतर खिडक्या आणि कळजोड्या बंद करतो, परंतु खिशातला दुसरा फोन त्याला दिसत नाही. म्हणून पर्यवेक्षकांची संख्या कमी करण्याचे कारण म्हणून त्याकडे पाहू नये. उतरत्या आसनांच्या व्याख्यानगृहात तर पर्यवेक्षकाचे काम कागदी परीक्षेपेक्षा अवघड होते, कारण कागद टेबलावर आडवा असतो आणि पडदा उभा. मागच्या ओळीतल्याला पुढच्याचे उत्तर वाचायला मान वळवावीही लागत नाही. सपाट सभागृह मिळत नसेल तर एकाआड एक ओळ रिकामी ठेवावी किंवा प्रश्नांचा क्रम प्रत्येकासाठी बदलावा.

आता वीज. ३०० लॅपटॉपचे चार्जर प्रत्येकी ६५ वॅटचे धरले तर कमाल भार १९.५ किलोवॅट होतो. २३० व्होल्टवरील १६ अँपिअरच्या एका सर्किटवर सुमारे ३.७ किलोवॅट, म्हणजे ५६ लॅपटॉप चालतात; ३०० साठी किमान सहा स्वतंत्र सर्किटे हवीत. सगळे चार्जर एकाच वेळी पूर्ण भार ओढत नाहीत हे खरे, तरीही एकाच सर्किटवर एक्स्टेन्शन बोर्डांची साखळी लावून परीक्षा सुरू करणे हा जुगारच आहे. वायफायचेही तसेच: वायफाय पुरवणाऱ्या एका ॲक्सेस पॉइंटवर चाळीसच्या आसपास जोडण्या धरून असे आठ पॉइंट लागतात, आणि ते २.४ गिगाहर्ट्झवर ठेवले तर एकमेकांवर न चढणारे वाहिनीमार्ग जेमतेम तीनच मिळतात, म्हणून ५ गिगाहर्ट्झच वापरावे. ही कामे परीक्षा विभागाच्या अखत्यारीत येत नाहीत. ती स्थापत्य, विद्युत आणि संगणक विभागांकडे जातात आणि तिथे त्यांना परीक्षेच्या तारखेची घाई नसते. या पद्धतीचा निर्णय एक वर्ष आधी व्हावा असे मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

बिघाडाच्या दृष्टीने ही पद्धत मधली आहे. पर्यवेक्षक आणि तंत्रज्ञ सभागृहात असतात, पण त्यांच्यापुढे तीनशे वेगवेगळी यंत्रे असतात. शंभरामागे पाच राखीव लॅपटॉप ठेवले, तर यंत्र दुरुस्त करत बसण्याऐवजी ते बदलून देता येते. विद्यार्थ्याकडे चालणारा लॅपटॉपच नसेल तर त्याने ते कारणासह सांगावे लागू नये. आधी नोंदणी केली की विद्यापीठाचा लॅपटॉप मिळेल एवढा साधा नियम पुरतो.

घरून दिलेली परीक्षा

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत सोयीची आहे आणि खोलीचा खर्च वाचतो. मात्र देखरेखीखालची परीक्षा या अर्थाने तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. कॅमेऱ्यावरून संशयित हालचाली टिपणाऱ्या प्रणालीचे गणित एकदा मांडून पाहावे. केवळ उदाहरणादाखल धरू की १००० परीक्षार्थींपैकी २० जण गैरप्रकार करतात, प्रणाली त्यांतील ९० टक्के पकडते आणि प्रामाणिक विद्यार्थ्यांपैकी केवळ पाच टक्क्यांवर चुकून संशय घेते. पकडलेले खरे दोषी १८ होतात आणि चुकीने संशयित ठरलेले ४९. म्हणजे ज्या ६७ जणांची चित्रफीत समितीला पाहावी लागेल त्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश निर्दोष असतील. हा दोष कोणा एका विक्रेत्याचा नाही. दोषी थोडे आणि प्रामाणिक पुष्कळ असतील तिथे आकडे असेच येतात.

दुसरी बाजू कायद्याची. परीक्षेआधी विद्यार्थ्याला कॅमेरा फिरवून स्वतःची खोली दाखवायला लावण्याची प्रथा अमेरिकेतल्या क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात ऑगस्ट २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने घटनाबाह्य झडती ठरवली. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, तरी खोली विद्यार्थ्याची असताना तिच्यावर विद्यापीठाचा अधिकार किती, हा प्रश्न कुठेही उभा राहू शकतो. बिघाडाच्या कसोटीवर तर ही पद्धत सर्वांत कच्ची आहे. फेब्रुवारी २०२५ मधील कॅलिफोर्नियाच्या वकिली परीक्षेत नवीन प्रणालीवर परीक्षार्थींना लॉगिन न होणे, पडदा गोठणे, उत्तर न साठणे असे अनुभव आले आणि प्रकरण फेरपरीक्षेच्या सवलती व न्यायालयापर्यंत गेले. तिथे काही जण केंद्रावर आणि काही घरी बसले होते. घरी एकट्या बसलेल्या परीक्षार्थीच्या वाट्याला अशा वेळी मदतवाहिनीची रांग येते, आणि घड्याळ चालूच राहते.

घरूनच परीक्षा घ्यायची असेल तर देखरेखीचा आव सोडून देणे अधिक प्रामाणिक ठरते. चोवीस तासांची मुदत, पुस्तके उघडी, आणि त्यानंतर निवडक किंवा सर्व विद्यार्थ्यांची दहा मिनिटांची तोंडी परीक्षा, असा तो आराखडा असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर तोंडी भागाशिवाय असे गुण अंतिम निकालात धरणे मला पटत नाही. तोंडीला वेळ लागतो, हे मान्य: २०० विद्यार्थ्यांचे प्रत्येकी दहा मिनिटांनी तेहतीस तासांहून अधिक होतात. छोट्या वर्गाला हे झेपते, मोठ्याला नाही.

प्रश्नांचा प्रकार आणि निवड

संगणक कक्षात पाळ्यांचा ताण असल्यामुळे विभाग नकळत बहुपर्यायी प्रश्नांकडे झुकतात, कारण पेपर छोटा होतो आणि निकाल लगेच लागतो. चार पर्यायांच्या ४० प्रश्नांच्या पेपरात ज्याला फक्त आठ प्रश्न खरोखर येतात तो उरलेल्या बत्तीसांत सरासरीने आणखी आठ अंदाजाने बरोबर मिळवतो आणि ४० टक्क्यांवर पोहोचतो. उत्तीर्णतेची रेषा तीच असेल तर पंचमांश अभ्यासावर पदवी मिळते. रेषा वर न्यावी, किंवा प्रश्न तरी बदलावेत. गणितासाठी ‘स्टॅक’ ही प्रणाली विद्यार्थ्याने लिहिलेली राशी बीजगणिताने तपासते. प्रोग्रामिंगसाठी ‘कोडरनर’ उत्तर चालवून पाहते. सिद्धता, आकृत्या आणि रासायनिक संरचना यांसाठी मात्र उत्तर कागदावर लिहून घेऊन ते स्कॅन करणे आणि पडद्यावर तपासणे हाच अजूनही सुसह्य मार्ग आहे, आणि त्यात मागासलेपण काही नाही.

म्हणून ज्या विद्यापीठात मोठे वर्ग आणि संख्यात्मक विषय आहेत त्याने कक्षापासून सुरुवात करावी. विधी, भाषा आणि समाजशास्त्रे यांच्या दीर्घोत्तरी परीक्षांना विद्यार्थ्यांचे लॅपटॉप अधिक योग्य आहेत, परंतु सभागृहाची वीज व वायफाय पूर्ण भाराने तपासून झाल्यावरच. घरची परीक्षा छोट्या आणि दूरच्या गटांपुरती, तोंडीसह ठेवावी. एकाच वर्षी तिन्ही सुरू करू नयेत.

कोणतीही पद्धत घेतली तरी गुण नसलेली एक सराव परीक्षा पूर्ण संख्येने, त्याच खोलीत आणि त्याच वेळेला घ्यावी. दहा जणांवर चाचणी यशस्वी झाली हा पुरावा नव्हे, कारण सर्व्हर कोसळतो तो तीनशे जण एकाच क्षणी ‘सुरू करा’ दाबतात तेव्हा. त्याआधी परीक्षा नियंत्रकाने एक पान लिहून मंजूर करून घ्यावे: किती मिनिटांच्या खंडाला वेळ वाढवून द्यायचा, किती मिनिटांनंतर पेपर रद्द करायचा, आणि तसे जाहीर करण्याचा अधिकार सभागृहातल्या कोणत्या व्यक्तीचा. माझ्या मते दहा मिनिटांपर्यंत वेळ वाढवावा आणि अर्ध्या तासानंतर पेपर रद्द करावा; मधल्या वीस मिनिटांचा निर्णय सभागृह प्रमुखाने घ्यावा आणि नंतर त्याला त्याबद्दल जाब विचारला जाऊ नये. हे पान छापून प्रत्येक पर्यवेक्षकाच्या टेबलावर असावे, कारण त्याची गरज पडेल तेव्हा नेटवर्क बंद असेल.