७×५७ माउझर: एक हंगाम हरणाच्या शिकारीत वापरल्यानंतर

सव्वाशे वर्षांपूर्वीचं काडतूस घेऊन आज हरणाच्या शिकारीला जावं का, तर माझं उत्तर आहे: खुशाल जावं, पण पुढच्या दोन-तीन हंगामांची काडतुसं कुठून येणार हे ठरवल्याशिवाय बंदूक विकत घेऊ नये. उन्हाळ्यातला सराव आणि नंतरचा हरणांचा पूर्ण हंगाम मी ७×५७ वर काढला (७ मिमीची गोळी, ५७ मिमी लांबीची पितळी पुंगळी). त्यात मला हरणाने कधी अडवलं नाही, दुकानातल्या रिकाम्या फळीने मात्र वारंवार अडवलं. हे सगळं जिथे परवाना घेऊन हरणाची शिकार कायदेशीर आहे तिथलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाला हात लावता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आधी या काडतुसाचा थोडा पूर्वेतिहास सांगतो, कारण आजच्या सगळ्या अडचणींचं मूळ त्यातच आहे. माउझर कंपनीने हे काडतूस १८९२ च्या सुमारास तयार केलं आणि स्पेनने १८९३ च्या मॉडेलसोबत ते सैन्यात आणलं. १७३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांबलचक, बोथट टोकाची गोळी आणि सेकंदाला साधारण २,३०० फूट वेग. १८९८ साली क्युबातल्या सान हुआन टेकडीवर अमेरिकन सैन्याला या बंदुकांचा तडाखा बसला. पुढे बोअर युद्धात ब्रिटिशांनाही बसला. मग शिकाऱ्यांनी ते उचललं. रिग्बी कंपनीने त्याला .२७५ रिग्बी असं नाव दिलं. आपल्याकडच्या वाचकाला ते ओळखीचं वाटेल, कारण जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या वाघिणीनंतर भेट मिळालेली बंदूक याच काडतुसाची होती आणि रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये तिनेच पडला. करामोजो बेल यांनी तर आफ्रिकेत याच्यावर शेकडो हत्ती मारले. हत्तीसाठी ७×५७ वापरा असं आज कोणीही शहाणा माणूस सांगणार नाही. पण लांब, जड, मजबूत गोळी किती खोल जाते याचा तो पुरावा आहे, आणि हरणाच्या बाबतीत मला तोच गुण उपयोगी पडला.

माझी बंदूक ब्रनो २१, दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात बनलेली. ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून नळी मागून बंद करणारी यंत्रणा, माउझर पद्धतीची, पण पूर्ण लांबीच्या ९८ (माउझरचं १८९८ चं मॉडेल) पेक्षा आखूड, म्हणजे याच कुळातल्या काडतुसांना बेतलेली. त्यामुळे बोल्ट मागे-पुढे करताना हात उगाच लांबवावा लागत नाही आणि दुसरं काडतूस मॅगझिनमधून कोठीत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत, सरळ सरकतं. चाप दोन आहेत. मागचा ओढला की पुढचा इतका हलका होतो की बोट टेकताच सुटतो. बाकावर बसून नेम बसवताना ही सोय फार छान, पण थंडीत हातमोजे घालून बसलेलं असताना मी ती वापरत नाही. पुढचा चाप नुसता ओढला तरी तो पुरेसा स्वच्छ सुटतो. दुर्बिणीसाठी ॲक्शनवरच खाचा कोरलेल्या आहेत. भक्कम आहेत, मात्र त्या मापाच्या रिंगा शोधाव्या लागतात.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत कारखान्यातून येणारी ७×५७ ची काडतुसं मुद्दाम सौम्य भरलेली असतात. १८९३ आणि १८९५ च्या लष्करी बंदुका आजही लोकांकडे आहेत. त्यांच्या बोल्टला ९८ मधली तिसरी, सुरक्षेची खुंटी (बोल्ट जागी धरून ठेवणारी) नाही, आणि पुंगळी फुटली तर गॅस बाहेर टाकायची व्यवस्थाही तितकी चांगली नाही. म्हणून अमेरिकन मानकात दाबाची मर्यादा ५१,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे. युरोपीय मानकात ती ३,९०० बार, म्हणजे जवळपास ५६,५०० पीएसआय. मोजण्याच्या पद्धती अगदी एकसारख्या नाहीत, तरी फरक खरा आहे. नेहमीचं १४० ग्रेनचं काडतूस २,६६० फुटांच्या वेगाचं असतं, ऊर्जा २,२०० फूट-पौंड. माझ्या वेगमापकावर आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा खालीच येत राहिला. कागदावर बघितलं तर हे .३०-०६ या जोरदार, लोकप्रिय अमेरिकन काडतुसासमोर किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात छातीत नीट बसलेल्या गोळीनंतर हरणांच्या वागण्यात मला काही फरक दिसला नाही.

माझ्या मते या काडतुसाचं खरं बळ खांद्यावर कळतं. दुर्बिणीसह आठेक पौंडाच्या बंदुकीत धक्का १३-१४ फूट-पौंडांच्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या .३०-०६ मध्ये १८० ग्रेनच्या गोळीला तो वीसच्या घरात जातो. ऐकायला हा फरक लहान वाटतो, पण सरावाच्या दिवशी फार मोठा होतो. .३०-०६ घेऊन बसलो की पेटी अर्धी होईपर्यंत माझे डोळे चाप सुटायच्या आधीच मिटायला लागतात. ७×५७ वर पेटी संपते आणि आणखी एक उघडावीशी वाटते. मी उन्हाळाभर गुडघ्यावर बसून, काठीच्या टेकूवर, उभ्याने झाडाला खांदा लावून असा सराव केला, बाकावरून कमीत कमी. हंगामात जो नेम लागला तो या सरावातून लागला. शिवाय गोळी सुटल्यावर हरीण दुर्बिणीतून निसटत नाही. गोळी लागल्याक्षणी त्याने काय केलं, पाय झाडले का, पाठ वाकवली का, कोणत्या झुडपाकडे गेलं, हे सगळं दिसतं, आणि माग काढताना नेमकं तेच लागतं.

एका संध्याकाळचं सांगतो. मका कापून झालेल्या शेताच्या कडेला व्हाइटटेल या पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकन हरणाची एक मादी चरत होती, अंतर सव्वाशे यार्डांच्या आत. पूर्ण आडवी उभी. उजेड कमी होत चालला होता, पण पुढच्या पायामागची घडी स्पष्ट दिसत होती. त्या घडीच्या किंचित वर, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नेम धरला. गोळी लागताच ती पुढच्या पायांवर उसळली, शेपूट खाली दाबली आणि झाडीत घुसली. मी अर्धा तास जागचा हललो नाही. मग गोळी लागलेल्या जागी गेलो, तर खुंटांवर आधी केस दिसले, तपकिरी आणि आखूड, म्हणजे पोटाचे नव्हेत. दोन पावलं पुढे रक्त, फिकट गुलाबी, बारीक बुडबुड्यांचं. असं रक्त फुप्फुसाचंच असतं. पुढे ते दोन्ही बाजूंच्या गवतावर पडत गेलेलं होतं, म्हणजे गोळी आरपार गेली होती. बॅटरी जवळजवळ लावावीच लागली नाही. साठ-सत्तर यार्डांवर ती पडलेली सापडली. उघडल्यावर दोन्ही फुप्फुसं गेलेली, बाहेर पडायचं भोक अंगठ्याएवढं, आणि खांद्याचं मांस जवळपास शाबूत. जास्त वेगाच्या मॅग्नम काडतुसांनी खांद्याचं काळंनिळं, रक्ताळलेलं मांस किती टाकून द्यावं लागतं हे ज्याने पाहिलंय त्याला याचं मोल कळेल.

दुसरा अनुभव जड गोळीचा. झाडी दाट आणि अंतर कमी अशा जागी मी १७५ ग्रेनची काडतुसं भरतो, वेग साधारण २,४०० फूट. तिथे एक नर तिरका उभा राहिला, मागचा भाग माझ्याकडे, डोकं पलीकडे. अशा कोनात गोळीला बरगड्यांच्या मागून शिरून पलीकडच्या खांद्यापर्यंत पोचावं लागतं. हलकी, लवकर फुटणारी गोळी असती तर मी चाप ओढलाच नसता. १७५ ग्रेनची गोळी पलीकडचं खांद्याचं हाड फोडून कातडीखाली अडकली होती, तळ शाबूत, पुढचा भाग छत्रीसारखा उमललेला. नर जागेवर बसला. गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या आट्यांचा पीळ या काडतुसात पहिल्यापासून कडक ठेवलाय, २२० मिलिमीटरला एक फेरा, त्यामुळे इतकी लांब गोळीही सरळ जाते. जुन्या रचनेतली ही गोष्ट मला सगळ्यात आवडते.

दोन्ही गोळ्या एकाच जागी लागत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. माझ्या बंदुकीत १७५ ग्रेन शंभर यार्डांवर चांगलीच खाली लागते. हंगामाच्या मधोमध पेटी बदलणार असाल तर पुन्हा कागदावर दोन-चार गोळ्या टाकल्याशिवाय जंगलात जाऊ नका.

अंतराबद्दल. १४० ग्रेन २०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवली, की शंभरावर दोनेक इंच वर आणि तीनशेवर आठ-नऊ इंच खाली. तीनशे यार्डांवर वेग २,००० फुटांपर्यंत उतरलेला असतो. माझी स्वतःची हद्द मी अडीचशेवर ठेवली आहे, आणि तीही टेकू असेल, वारा नसेल तरच. त्यापलीकडच्या हरणाला मी जाऊ देतो. मोकळ्या माळावर लांबून मारायचं असेल तर दुसरं काडतूस घ्या. शिशाविना तांब्याच्या गोळ्याही चालवून पाहिल्या. पीळ कडक असल्यामुळे त्या नीट स्थिरावतात, पण तांबं उमलायला वेग लागतो आणि हे काडतूस मुळात सौम्य. म्हणून तांब्याची गोळी मी दोनशे यार्डांच्या आतच वापरतो. मांसात शिशाचे कण नकोत असं वाटणाऱ्याने मात्र हीच निवड करावी. घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

आता ज्याने मला सतवलं ते. दुकानात .३०८ आणि .३०-०६ च्या पेट्यांची रास असते, ७×५७ ची एखादी पेटी असली तर नशीब. हंगाम जवळ आला की तीही नाही. एका कारखान्याची काडतुसं मला मोठ्या मुश्किलीने मिळाली आणि त्यांचा झुबका, म्हणजे कागदावर गोळ्यांच्या भोकांचा पसारा, शंभर यार्डांवर तीन इंचांच्या खाली येईना. दुसऱ्या कारखान्याची त्याच नळीतून सव्वा इंचात बसली. म्हणजे चार प्रकारच्या पेट्या आणून आपल्या बंदुकीला काय मानवतं ते बघायचं, ही चैन या काडतुसात कठीण आहे. जे मिळेल ते घ्या आणि मानवलं तर एकदम साठा करा.

खरा उपाय म्हणजे स्वतः काडतुसं भरणं. पुंगळ्या जपून ठेवा, एकही टाकू नका. ७ मिमीच्या गोळ्यांना तोटा नाही, कारण नव्या लोकप्रिय काडतुसांतही त्याच .२८४ इंच व्यासाच्या गोळ्या जातात. मंद जळणाऱ्या दारू याला मानवतात. दारूचं माप मी इथे देत नाही, ते छापील भरणीपुस्तकातूनच घ्यावं, आणि आपली बंदूक ९८ पद्धतीची आहे की त्याआधीची हे तपासूनच. ९८ च्या ॲक्शनला चालणारी भरणी जुन्या स्पॅनिश बंदुकीत घातली तर जिवावर बेतू शकतं.

नावांचाही घोळ आहे. पेटीवर ७×५७, ७ मिमी माउझर किंवा .२७५ रिग्बी लिहिलेलं असेल तर ते एकच. ७×५७ आर मात्र वेगळं, त्याला तळाशी कड असते आणि ते मधून वाकवून भरायच्या, मोडत्या बंदुकांसाठी असतं. ८×५७ तर अजिबात जवळ ठेवू नका. पुंगळी तेवढीच लांब, दिसायला जुळी, आणि घाईत चुकीचं काडतूस चुकीच्या कोठीत जाऊ शकतं. घरात दोन्ही बंदुका असतील तर काडतुसं वेगळ्या कपाटात ठेवावीत.

७ मिमी-०८ चं काय, हा प्रश्न येणारच. १९८० साली आलेलं ते काडतूस हरणावर जवळपास हेच काम करतं, आखूड ॲक्शनमध्ये बसतं, कारखान्यातून पूर्ण ताकदीनं भरून येतं आणि जास्त सहज मिळतं. नवी बंदूक विकत घेणाऱ्याला, आणि काडतुसं भरायची हौस नसलेल्याला, मी तेच सांगेन. ७×५७ ला फायदा आहे तो लांब, जड गोळ्यांसाठी असलेल्या जादा जागेचा. आणि वारशाने किंवा जुन्या बाजारात चांगली ब्रनो, रिग्बी किंवा व्यावसायिक माउझर हाती लागली, तर केवळ काडतूस दुर्मिळ म्हणून ती सोडू नका, नळी बदलून तिचं दुसरंच काही करू नका. आधी नळी तपासून घ्या, पुंगळ्यांचा साठा करा, आणि मग एक उन्हाळा तिच्याबरोबर घालवा.

पुढच्या हंगामासाठी मी दोन्ही भरण्या पक्क्या केल्यात: मोकळ्या शेताच्या कडेला १४० ग्रेन, झाडीत १७५. दोन्ही साठी पुंगळ्यांवर वेगवेगळ्या रंगाची खूण केलेली आहे आणि दुर्बिणीचं कोणतं माप कोणत्या गोळीचं, ते दस्त्यावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलंय.