स्वतंत्र विषय की प्रकल्पातूनच धडे?
बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या पदवीत संवाद, नीतिमत्ता, गटकाम शिकवायचं कुठे? स्वतंत्र विषय ठेवला तर थेरॅक-२५ या कॅन्सरवरच्या किरणोपचार यंत्राचं प्रकरण नीट मांडता येतं: १९८५ ते १९८७ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळे या यंत्राने रुग्णांना किरणांचे भयंकर डोस दिले, काही दगावले. पेपर तपासायलाही सोपं. पण पाठांतरावर गुण मिळतात.

शेवटच्या वर्षाच्या डिझाइन प्रकल्पात विद्यार्थ्यांचं उपकरण पाहून रुग्णालयातल्या सिस्टर सांगतात, "हातमोजे घालून हे बटण दाबताच येत नाही," आणि आराखडा बदलावा लागतो. ऐकून घ्यायची सवय तिथेच लागते. गुण देताना मात्र पंचाईत. गटाला एकच आकडा दिला की काहीच न केलेलाही तरतो (असा एक प्रत्येक गटात असतोच!). म्हणून सहकाऱ्यांनी केलेलं मूल्यमापन आणि प्रत्येकाची वेगळी डिझाइन वही हवी. माझं मत प्रकल्पाला. नीतिमत्तेचे तास तेवढे दुसऱ्या वर्षातच उरकावेत.