हार्मोन उपचारात हाडांसाठी: झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड की डेनोसुमॅब?

प्रोस्टेट कर्करोगात हार्मोन उपचाराने टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) दाबलं की हाडांची झीज वेगाने होते. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) हाडं ठिसूळ दिसली, तर बहुधा या दोनपैकी एक औषध सुचवलं जातं.

झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ५ मिग्रॅ, वर्षातून एकदा, सलाईनमधून किमान १५ मिनिटांत. घाईने सोडलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) मिनिटाला ३५ मिलीच्या खाली असेल तर देतच नाहीत. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येते. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी पुरतं.

डेनोसुमॅब ६० मिग्रॅ, दर सहा महिन्यांनी त्वचेखाली. मूत्रपिंड कमजोर असलं तरी चालतं, पण तेव्हाच रक्तातलं कॅल्शियम धोकादायक घसरू शकतं, म्हणून आधी आणि नंतरही तपासावं. हार्मोन उपचार घेणाऱ्या पुरुषांच्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याचं नवं फ्रॅक्चर औषध न मिळालेल्यांपैकी ३.९ टक्के, तर डेनोसुमॅब घेणाऱ्यांपैकी १.५ टक्के पुरुषांना झालं. पुरावा भक्कम आहे. खरी गोम तारखेत आहे: डोस महिनाभराहून जास्त लांबला किंवा परस्पर बंद केला, तर झीज उसळून येते आणि एकदम अनेक मणके मोडू शकतात. थांबवायचंच असेल तर पुढे झोलेड्रॉनिक द्यावं लागतं.

तारखा पाळणं कठीण असेल आणि मूत्रपिंड ठीक असेल, तर वार्षिक सलाईनच बरं. दोन्हींआधी दात काढायचे असतील ते काढून घ्या, ड जीवनसत्त्वाची कमतरता भरा. हाडांत कर्करोग पसरला असेल तर डोस वेगळे असतात.