१ टन इन्व्हर्टर एसी: रत्नागिरीत ११ महिने वापरल्यावर

आमची बेडरूम १० बाय ११, खिडकी पूर्वेला, वर अजून एक मजला आहे त्यामुळे स्लॅब तापत नाही. आधीचा एसी घेताना दुकानदार म्हणाला दीड टनच घ्या (टन म्हणजे एसीची गार करायची ताकद), कोकणातली हवा आहे, एक टन पुरायचा नाही. पटलं, घेतला, साधा नॉन-इन्व्हर्टर, म्हणजे चालला तर पूर्ण ताकदीने, नाहीतर बंद. आणि अख्खा उन्हाळा आम्ही गारठलेल्या पण चिकट अंगाने काढला.

व्हायचं काय, २४ वर लावला की पाच-सहा मिनिटांत खोली गार, कॉम्प्रेसर बंद, मग दहा मिनिटं नुसता ब्लोअर. चादर दमट लागायची, उशाशी ठेवलेला पेपर सकाळी मऊ पडलेला असायचा, कपाटातल्या साड्यांना कुबट वास. आई म्हणायची, "अरे गार होतंय, पण कोरडं कुठे होतंय?" मी आपला २२ कर, २१ कर, मग मध्यरात्री थंडी वाजून सगळे जागे. शेवटी आर्द्रता मोजायचा छोटा मीटर मागवला तर २४ डिग्रीला ७४ टक्के! तेव्हा कळलं आईचंच बरोबर होतं.

हवेतलं पाणी निघतं ते आतली कॉइल (गार नळ्यांची जाळी) थंड राहून तिच्यावर दव धरलं तरच, आणि ते दव थेंब होऊन पाइपातून बाहेर जायला वेळ लागतो. मोठा एसी तेवढा वेळ चालतच नाही, आणि कॉम्प्रेसर बंद झाल्यावर ब्लोअर त्याच ओल्या कॉइलवरून वारा मारतो की अर्धं पाणी परत खोलीत.

मग दीड टन हॉलमध्ये हलवला (१४ बाय १५, पश्चिमेची भिंत, तिथे तो अगदी बरोबर बसला) आणि बेडरूमला १ टन इन्व्हर्टर. हा थांबत नाही, हळूहळू चालत राहतो. आता २६ ला ५५-५८ टक्के असतं आणि जुन्या २२ पेक्षा बरं वाटतं, खरंच. बाल्कनीत ड्रेन पाइपखाली बादली ठेवून बघितली, मे महिन्यात एका रात्रीत बादली अर्ध्याच्या वर भरली, आधीच्या एसीला तळ जेमतेम झाकायचा.

सगळं छानच आहे असं नाही. मे मध्ये दुपारी तापलेली खोली गार व्हायला ३५-४० मिनिटं लागतात, आणि पाहुणे येऊन पाच-सहा माणसं बसली तर कमी पडतो. पावसाळ्यात वेगळीच गंमत, बाहेरच २५-२६ असतं, एसीला काम नाही, कॉइल पुरेशी थंड होत नाही, मग मीटर ६८ वर. तेव्हा ड्राय मोड आणि ब्लोअर लो, तासाभरात ६० च्या आसपास येतो. इन्व्हर्टर आहे म्हणून टन कितीही मोठा चालतो असं कोणी सांगितलं तर ब्रोशरमध्ये कमीत कमी किती क्षमतेवर चालतो ते बघा, तो आकडा मोठा असेल तर तोही बंद-चालू करत बसतो.

तुमच्या घरी वर तापणारा स्लॅब असेल किंवा पश्चिमेला मोठी काच असेल तर माझं गणित तसंच्या तसं लावू नका, तिथे ११० चौरस फुटालाही १ टन कमी पडू शकतो. आणि समुद्राजवळ असाल तर बाहेरच्या युनिटची कॉइल महिन्या-दोन महिन्यांनी साध्या पाण्याने धुऊन घ्या, आमच्या हॉलवाल्याच्या फिन्स (कॉइलवरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) मिठाने पांढऱ्या पडून चुरायला लागल्यात.