स्टॉकहोममध्ये चार किलोमीटरसाठी मोजलेले १,१९० क्रोनर

आकड्यांत चूक होऊ नये म्हणून पावती समोर ठेवूनच लिहीत आहे. १९ जून २०२४, दुपारी २ वाजून २२ मिनिटे, वासा संग्रहालय ते स्टॉकहोमचे नगरभवन, टॅक्सीचे भाडे १,१९० क्रोनर (स्वीडनचे चलन). अंतर जेमतेम चार किलोमीटर. कार्डाच्या विवरणपत्रात हीच रक्कम ९,५२० रुपये म्हणून उतरली, तिच्यावर परकीय चलनाचा साडेतीन टक्के आकार ३३३ रुपये २० पैसे लागला आणि त्या आकारावरचा जीएसटी ५९ रुपये ९८ पैसे, असे एकूण ९,९१३ रुपये १८ पैसे गेले. एवढ्या पैशांत सांगलीहून पुण्याला स्वतंत्र गाडी करून जाऊन परत येता येते आणि वाटेत जेवणही होते.

मी ३४ वर्षे बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे इतरांनी स्लिपेवर लिहिलेले आकडे तपासण्यात गेली, हे सांगताना आज लाज वाटते. परंतु ही लाज गिळून लिहिणे भाग आहे, कारण उन्हाळ्यात तिकडे जाणारी आपली माणसे दरवर्षी वाढत आहेत आणि त्यांतले निम्मे माझ्याच वयाचे असतात.

आमची भाची स्टॉकहोमच्या किस्ता भागात राहते. तिने पहिल्याच दिवशी बजावले होते, "मामा, टॅक्सी करायचीच झाली तर मला फोन करा, मी अ‍ॅपवरून पाठवते. रस्त्यावरची करू नका." पहिले दोन दिवस तशी वेळच आली नाही. जुन्या शहरातल्या गल्ल्या, राजवाड्यासमोरचा पहारा बदलण्याचा समारंभ (याला तिकीट नसते, कोणी पैसे मागितले तर सरळ पुढे निघावे), नोबेल संग्रहालयासमोरचा चौक, हे सारे पायी झाले. बुधवारी भाचीची सकाळपासून कार्यालयात बैठक होती आणि तिला मध्येच उठवणे मला प्रशस्त वाटले नाही. यात माझे काय चुकले, हे मला अजूनही कळलेले नाही.

वासा संग्रहालयात आम्ही ठरवल्यापेक्षा दीड तास जास्त रमलो. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघालेले वासा हे युद्धजहाज अवघे १,३०० मीटर जाऊन, बंदरातच आणि लोकांच्या डोळ्यांदेखत, बुडाले. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ते वर काढण्यात आले. त्याच्यावर ६४ तोफा होत्या आणि वरचा भार तळाला पेलत नव्हता. तिथल्या माहितीतली एक गोष्ट मी मुद्दाम दोनदा वाचली. निघण्यापूर्वी जहाजाची चाचणी म्हणून तीस माणसांना डेकवर या बाजूहून त्या बाजूला पळायला लावले होते. जहाज इतके डुलू लागले की चाचणीच थांबवावी लागली, आणि तरीही जहाज निघाले. मी हिला म्हणालो, "समोर दिसत असून निघाले, काय म्हणावे या लोकांना!" त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत मी स्वतः काय केले ते पुढे आहेच.

नगरभवन आतून पाहायचे तर मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते आणि आमची वेळ तीनची होती. सात क्रमांकाची ट्राम संग्रहालयाजवळच थांबते, परंतु आलेली ट्राम खच्चून भरलेली होती. हिचा गुडघा सकाळपासून दुखत होता आणि ट्राममधून उतरून पुन्हा चालावे लागले असते. तेवढ्यात समोर टॅक्सी दिसली. छपरावर दिवा, पिवळी नंबरप्लेट, आत मीटर, चालकाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. बोगस गाडी कशी ओळखावी हे सगळेच सांगतात. ही गाडी बोगस नव्हतीच, तिच्याकडे रीतसर परवाना होता, आणि खरी मेख तिथेच आहे.

स्वीडनने १९९० मध्ये टॅक्सीच्या भाड्यावरचे सरकारी बंधन काढून टाकले. तेव्हापासून कंपनीने किंवा एकट्या चालकाने हवा तो दर लावावा, फक्त तो गाडीच्या मागच्या बाजूच्या खिडकीवर पिवळ्या कागदावर चिकटवलेला असावा, एवढीच अट. त्या कागदावर एक आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तो दहा किलोमीटर आणि पंधरा मिनिटांच्या प्रवासाचे भाडे सांगतो, म्हणजे दोन गाड्यांची तुलना करता येते. हा आकडा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर जास्तीत जास्त किती भाडे होईल ते चालकाने निघण्यापूर्वीच कळवावे लागते. कागदावर व्यवस्था उत्तम आहे.

हिच्यासाठी मागचे दार मी उघडले. त्याच दाराच्या काचेवर तो पिवळा कागद होता, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर. मी तो पाहिला. त्यावर १ ९९० असे लिहिले होते आणि मला ते कंपनीच्या स्थापनेचे वर्ष वाटले. हसू नका. आपल्याकडे मिठाईच्या दुकानावरसुद्धा स्थापनेचे साल लावतात. चालकाने अदबीने टॅब्लेट पुढे केला, पडद्यावर स्वीडिश मजकूर आणि खाली रक्कम होती, १ १९०,००. आता हे नीट वाचा. स्वीडिश लोक हजारानंतर स्वल्पविराम देत नाहीत, मोकळी जागा सोडतात, आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात. मी तो "१" नग म्हणून वाचला, एक फेरी, आणि भाडे १९० क्रोनर. चार किलोमीटरला दीड हजार रुपये! मनात म्हटले, महाग आहे, पण देश महाग आहे आणि गुडघा आपला आहे. मी हिरव्या चौकटीवर बोट टेकवले. चालकाने तोंडाने रक्कम उच्चारली नाही आणि मीही विचारली नाही. "किती?" हा दोन अक्षरी शब्द मी आयुष्यभर भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना विचारला आणि तिथे नेमका गिळला, कारण परदेशात घासाघीस करणारा म्हातारा दिसू नये, असे मला वाटले.

नगरभवनापाशी यंत्रावर पुन्हा तीच रक्कम आली तेव्हा माझ्या डोळ्यांवरची झापड उडाली. मी हरकत घेतली; त्याने टॅब्लेट उघडून माझी संमती, वेळेसकट, मला दाखवली. त्याने आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. ही घाबरून "द्या आणि सुटू या" म्हणू लागली, तीन वाजत आले होते, आणि मी कार्ड घालून पिन दाबला. या पिनने पुढे माझा सगळा दावा बुडवला.

नगरभवन पाहिले, परंतु काय पाहिले ते विचारू नका. नोबेलची मेजवानी होते ते निळे दालन मुळात निळे नाही, लाल विटांचे आहे; वास्तुकाराने रंगाचा बेत बदलला, नाव मात्र राहिले. सोनेरी दालनाच्या भिंतींवर एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक मोझेकचे तुकडे आहेत, असे मार्गदर्शक मुलगी सांगत होती आणि मी तेवढ्या वेळात १,१९० ला आठाने गुणत होतो.

बाहेर आल्यावर दोन पोलीस भेटले. त्यांनी पावती पाहिली, टॅक्सी परवानाधारक आहे ना ते पाहिले आणि दर मुक्त असल्यामुळे हा गुन्हा नाही, असे शांतपणे सांगितले. भाचीने संध्याकाळी पोलिसांच्या ११४ १४ या क्रमांकावर फोन लावला. बरीच वाट पाहिल्यावर तेच उत्तर, फक्त अधिक गोड शब्दांत. मग परवाने देणाऱ्या खात्याला ईमेल केला. सहा आठवड्यांनी उत्तर आले की दर किती असावा हे ते ठरवत नाहीत, दर लावलेला होता की नाही एवढेच पाहतात, आणि तो लावलेला होता हे माझ्याच तक्रारीत नमूद आहे. म्हणजे खरे लिहिले तीही माझीच चूक! ग्राहकांचे तंटे सोडवणाऱ्या मंडळाने वादातली रक्कम त्यांच्या किमान मर्यादेखाली असल्याचे कळवले. थोडक्यात, मला आणखी थोडे लुटले असते तर त्यांनी दखल घेतली असती. इथल्या बँकेने तर कमाल केली. ज्या शाखेत एकेकाळी मी बसत होतो, तिथल्या मुलाने "सर, चिप आणि पिनचा व्यवहार आहे, फसवणूक म्हणून घेता येत नाही" असे मलाच समजावले, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितले असते, हे मला जास्त झोंबले.

वासाच्या बाबतीतही चौकशी बसली होती. शेवटी कोणालाच शिक्षा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीने रांगेतल्या टॅक्सी दाखवल्या. एकीच्या काचेवर ३९८ होते, तिच्याच मागे उभ्या असलेल्या गाडीवर १ ९९०. रांगेतली पहिलीच गाडी घ्यायची सक्ती तिथे नाही. मागची स्वस्त असेल तर खुशाल तीत बसावे, कोणी काही म्हणत नाही. तीन आकडी रक्कम असेल तरच दाराला हात लावा. रक्कम तोंडाने वदवून घ्या, शक्य तर कागदावर तुमच्या हाताने लिहून त्याला दाखवा. न कळणाऱ्या भाषेतल्या पडद्यावर बोट टेकवू नका, मागे कितीही गाड्या खोळंबल्या तरी. आणि ट्राम भरलेली असेल तर पुढची येते. आमच्या दोघांचे तिकीट ८४ क्रोनर झाले असते आणि ते ७५ मिनिटे चालले असते. हा शेवटचा आकडा मला रात्री आठवतो.

परवाना खात्याला मी दुसरे पत्र पाठवले आहे. रक्कम तोंडाने सांगणे बंधनकारक का करू नये, एवढाच त्यात प्रश्न आहे. त्याला अजून उत्तर नाही. पावतीवरची शाई मात्र उडू लागली आहे, म्हणून मी तिच्या दोन झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.