महिन्याचा सर्वाधिक पाऊस: एक्सेल, पँडाज, स्टाटा की आर?

गोव्यातल्या वाळपई, सांगे, पेडणे, काणकोण इथल्या पावसाच्या रोजच्या नोंदी हाताशी आहेत आणि प्रत्येक महिन्यातला सर्वाधिक पाऊस काढायचा आहे. एक्सेल, पायथन भाषेतली पँडाज लायब्ररी, आणि स्टाटा व आर ही संख्याशास्त्राची साधनं, या चारही साधनांत 'मॅक्स', म्हणजे सर्वांत मोठी किंमत काढणारं फंक्शन, मिळतं. फरक पडतो तो रकान्यात कोरी जागा आली की. पावसाच्या नोंदीत ती जागा साधी नसते. वीज गेलेली, रस्ता पाण्याखाली, अशाच दिवशी नोंद राहून जाण्याची शक्यता जास्त; म्हणजे जो आकडा हवा, नेमका तोच गायब.

एक्सेल कोरे चौकोन मुकाट्याने वगळतं. अख्खा महिना कोरा असला तर उत्तर शून्य. जुलैत वाळपईला शून्य मिलिमीटर, हे सत्तरीतला कुणीही माणूस मान्य करणार नाही. पण मे महिन्यात तेच शून्य सहज खपून जातं, आणि मला धोका तिथे वाटतो.

पँडाजही वगळतं, मात्र सगळंच कोरं असेल तर 'नॅन' (आकडा नाही, अशी खूण) देतं. एवढा प्रामाणिकपणा पुरेसा वाटत असेल तर ते घ्या. 'स्किपएनए' (कोऱ्या जागा वगळा) हा पर्याय फॉल्स केला की एका कोऱ्या जागेनेही उत्तर अडतं. फक्त पायथनचं स्वतःचं मॅक्स इथे वापरू नका. नॅन यादीत पहिलं आहे की नंतर, यावर त्याचं उत्तर बदलतं.

स्टाटात दोन नियम एकत्र नांदतात. मॅक्स कोरी किंमत सोडून देतं, पण तुलना करताना तीच किंमत कुठल्याही संख्येहून मोठी धरली जाते. हवामान खात्याच्या वर्गवारीत २०४.४ मिमीपेक्षा जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. 'पाऊस २०४.४ हून जास्त' असे दिवस मोजायला सांगा, नोंद नसलेले दिवसही त्यात येतील. कोऱ्या किमती वगळण्याची अट दर वेळी आपण घालायची.

आर मात्र अडून बसतं: एक जरी एनए (नोंद नसल्याची खूण) असला तरी उत्तर एनए. हे तर्काला धरून आहे. २५० मिमीची एक नोंद आहे आणि एक दिवस गायब आहे, तर सर्वाधिक पाऊस निदान २५० होता, याहून पुढे काही म्हणता येत नाही. वगळायचंच असेल तर 'एनए.आरएम' ट्रू असं स्वतः लिहावं लागतं, आणि तो निर्णय कोडमध्ये पुढच्या माणसाला दिसतो. मग सगळंच वगळलं गेलं तर इशाऱ्यासह उणे अनंत येतं. विचित्र दिसतं, पण दोन गटांची मॅक्स काढून त्यांची पुन्हा मॅक्स घेतली तरी हिशेब जुळावा, यासाठी रिकाम्या गटाला हीच किंमत लागते. शिवाय कुणी ती चुकून पाऊस समजणार नाही.

एकाच दिवशी चार केंद्रांत सर्वांत जास्त पाऊस किती, हे रोजच्या रोज हवं असेल तर आरमध्ये 'पीमॅक्स' हे वेगळं फंक्शन आहे. साधं मॅक्स सगळ्या रकान्यांचा मिळून एकच आकडा देईल.

पावसासाठी मी आर घेईन. एक्सेलच वापरणार असाल, तर प्रत्येक मॅक्सशेजारी आकडे असलेले चौकोन मोजणाऱ्या 'काउंट'चा रकाना ठेवा आणि त्या महिन्याचे दिवस भरतात का ते आधी पाहा.