नावावरून व्हेरिएबल शोधण्याची सोय: आंब्याच्या एका हंगामानंतर

देवगडच्या आमच्या आंबा पॅकिंगच्या शेडमधून वाशीच्या बाजाराला जाणाऱ्या पेट्यांची बिले पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील एका प्रोग्रॅमवर निघतात. त्यात प्रत्येक प्रतीचा दर वेगळ्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, असून दरपत्रकातील शब्दापुढे ‘दर_’ जोडून जे नाव तयार होते, ते ग्लोबल्स (संपूर्ण फाइलमधील नावे) किंवा लोकल्स (एका फंक्शनमधील, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्यातील नावे) यांमधून शोधले जाते. लिहिणाऱ्याचे श्रम यात निश्चित वाचतात.

ऐन एप्रिलमध्ये जुना संगणक गेला, नव्यावर पायथन ३.१३ बसले आणि पहिल्याच बिलाला कीएरर, म्हणजे ‘हे नाव सापडत नाही’ असा त्रुटीसंदेश, आला. फंक्शनमध्ये लोकल्सच्या डिक्शनरीत (नाव आणि त्याचे मूल्य अशा जोड्यांच्या यादीत) नवे नाव घालायचे आणि पुन्हा लोकल्सलाच विचारून ते परत मिळवायचे, हा प्रकार आधीच्या आवृत्त्यांत चालत असे, कारण प्रत्येक वेळी तीच डिक्शनरी हाती येई, ३.१३ पासून मात्र फंक्शनमध्ये दर वेळी ताजी प्रत मिळते. सुरुवातीला मी नव्या आवृत्तीवर चिडलो होतो. ही डिक्शनरी बदलू नये असे अधिकृत माहितीपत्रकात आधीपासूनच लिहिलेले आहे हे पाहिल्यावर माझा राग इतकी वर्षे मुकाट्याने चालवून घेणाऱ्या जुन्या आवृत्तीकडे वळला. ग्लोबल्सची गोष्ट निराळी: ती फाइलच्या पातळीवरील खरीखुरी डिक्शनरी आहे आणि तिने या बाबतीत दगा दिला नाही.

तरीही एक घोळ घातला तो ‘ऱ’ या अक्षराने, आणि बाकी सर्व त्रासापेक्षा मला तोच अधिक झोंबला. ‘दर_दुसऱ्या_प्रतीचा’ हे नाव फाइलमध्ये डोळ्यांसमोर असताना ते सापडत नव्हते. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येते, एकतर एकसंध किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. प्रोग्रॅममध्ये लिहिलेले व्हेरिएबलचे नाव पायथन स्वतःहून एनएफकेसी या प्रमाणरूपात आणतो, म्हणजे तेथे एकसंध ‘ऱ’ होतो, पण ग्लोबल्सला दिलेल्या मजकुराला तो हात लावत नाही. दरपत्रक फोनवर टाइप झाले होते आणि त्यात नुक्त्याचा ‘र’ होता. ‘पहिल्या प्रतीचा’ दर सापडतो, ‘दुसऱ्या प्रतीचा’ सापडत नाही, यामागचे कारण शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली आणि तोवर पेट्या टेम्पोत चढल्या होत्या.

सर्व काही नव्याने लिहून देण्यासाठी प्रोग्रॅमरने जी रक्कम सांगितली, ती ऐकून मी फोन ठेवला. दर आता एकाच डिक्शनरीत आहेत. एवढ्याने ‘ऱ’चा प्रश्न सुटत नाही, कारण तिच्यातील किल्ल्याही (ज्या शब्दांवरून दर शोधला जातो ते) साधा मजकूरच असतात, म्हणून किल्ली आणि दरपत्रकातील शब्द दोन्ही पायथनच्या युनिकोडडेटामधील नॉर्मलाइझ या अक्षरे एकाच रूपात आणणाऱ्या फंक्शनमधून नेतो. दोन्ही बाजू निदान माझ्या ताब्यात राहतात, एक पायथनकडे आणि एक माझ्याकडे अशी वाटणी होत नाही. जुन्या मांडणीत एखादे व्हेरिएबल कुठे वापरले आहे हे एडिटरच्या शोधात येत नसे, तेही आता येते.